मोठ्या अक्षरांतली यमुना

“परत शब्द तुटला,” म्हणत सरस्वतीबाई थांबल्या.

शीलाची कात्री हवेतच राहिली. “अहो मावशी, पण दारात कोण होतं? यमुनेने कडी काढली, आणि?”

“थांब गं. अर्धा शब्द वरच्या ओळीत, अर्धा खालच्या. जुळवू दे.” सरस्वतीबाईंनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या त्या इमारतीच्या गच्चीवर दुपारी चार-पाच बायका शिवून आलेल्या जीन्सचे सुटे धागे कापायला बसत. हात गुंतलेले, कान रिकामे. संधिवाताने बोटं वाकल्यापासून सरस्वतीबाईंना कात्री धरवत नव्हती. त्या बाकीच्यांना मोबाईलवरून यमुनेची कादंबरी वाचून दाखवायच्या. म्हणून त्या घोळक्यात त्यांची जागा टिकून होती.

“नवरा असणार,” लाजवंती म्हणाली.

“नवरा कशाला? पोलीस पाहिजे. मज्जा येईल,” शीला म्हणाली.

सरस्वतीबाईंनी घसा साफ केला. “दारात एक जाडजूड हवालदार उभा होता.”

“बघ! मी बोलले ना!” शीलाने लाजवंतीकडून टाळी घेतली.

सरस्वतीबाईंची सून नूतन धागे कापून झालेल्या जीन्सच्या घड्या घालत होती. अंबरनाथच्या एका प्रकाशकाची ई-पुस्तकं ती घरबसल्या बनवायची. त्यामुळे बोलणी तिलाच बसली.

“नूतन, तू तो यही काम करती है ना? ठीक कर दे बाबा,” लाजवंती म्हणाली.

“हो ना. असं अडखळतच चालणार असेल तर उद्यापासून मी सिरियल लावते. राग नको हं, मावशी,” शीला म्हणाली.

सरस्वतीबाई हसल्या, पण त्यांचा मोबाईल धरलेला हात मांडीवर आला. नूतनने ते पाहिलं.

संध्याकाळी तिने लॅपटॉपवर ते पुस्तक उघडलं. चूक साधी होती. अक्षर मोठं केलं की ओळीत दोन-तीनच शब्द मावत, आणि मराठी शब्द कुठे तोडावा हे ॲपला कळत नव्हतं. ते जोडाक्षरही मधूनच चिरायचं. नूतनने शब्द तोडणंच बंद केलं. पहिली दोन प्रकरणं सगळ्यात मोठ्या अक्षरांत तपासली. एकही शब्द तुटला नाही. मग नवी प्रत सासूबाईंच्या मोबाईलवर पाठवली.

“आता बिनधास्त वाचा, आई.”

“सगळंच नीट केलंस?”

“सगळं.”

“बरं,” सरस्वतीबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी वाचन झकास सुरू झालं. यमुनेने हवालदाराला मिरचीची भजी खाऊ घातली. त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तशी ती मागच्या दाराने पसार झाली. बायका हसून लोटपोट झाल्या.

“यमुना पुलावर पोचली. तेवढ्यात मागून हाक आली...” सरस्वतीबाई थांबल्या. “शब्द तुटला.”

सगळ्या नूतनकडे वळल्या.

“काय गं, सगळं नीट केलं म्हणालीस!” शीला म्हणाली.

नूतन उठली. सासूबाईंच्या मागे जाऊन वाकली. सरस्वतीबाईंनी मान वर केली नाही.

“हो, तुटलाय,” नूतन म्हणाली. “अजून बरेच दिवस तुटणार आहेत. तोवर तुम्ही सांगा, हाक कोणी मारली असेल?”

“या वेळी तरी नवरा!” लाजवंती ओरडली.

सरस्वतीबाईंच्या हातातल्या पडद्यावर मधोमध, मोठ्या अक्षरांत, कुठेही न तुटलेला एकच शब्द होता: समाप्त.