तारांखालची घोडी

निवृत्तीनंतर हौस म्हणून त्याने स्पीकरला जोडता येणारं, स्वस्तातलं मेंडोलिन घेतलं. तारा बदलायला आठही एकदम सोडल्या, तशी त्यांच्याखालची लाकडी घोडी निसटून फरशीवर पडली. ती चिकटवलेली नसते, हे त्याच्या गावीही नव्हतं.

“सगळ्या एकदम सोडायच्या नसतात,” भाजी निवडता निवडता बायको म्हणाली. हात पुसून ती आली, घोडी अचूक जागी टेकवली, एकेक तार चढवून कानाने जुळवली. मग वायर जोडून अशी काही वाजवू लागली, की त्याने आ वासला तो वासलेलाच राहिला.

“तू कधी शिकलीस हे?”

“माहेरून मी एक काळी पेटी आणली होती. माळा आवरताना तुम्ही ती भंगारवाल्याला दिलीत,” ती म्हणाली. “उघडून न बघता.”