कलमामातचा घसा

मांसाचा तुकडा दिसला की झिबेक आधी मानेवरची पिसं अंगाशी घट्ट दाबून घेई. बेगाइमचा आवाज आला की ती हळूहळू सैल होत. पिसं सैल झाली म्हणजे पाखरू घाबरलेलं नाही, हे बेगाइमला आता कुणी सांगावं लागत नव्हतं.

"मार हाक," सासरे कुजबुजले.

"हूऽऽ! झिबेऽऽक!"

ससाण्याची ती कोवळी मादी खांबावरून उडाली. पायाला बांधलेली लांब दोरी गवतावरून सरसरत आली आणि झिबेक बेगाइमच्या चामडी हातमोज्यावर टेकली.

"जरा हळू गं!" शेजारच्या तंबूतून उम्सुनाय आजी ओरडली. "माझं दही हललं! कलमामात, तुझा आवाज सुनेच्या घशात गेला की काय?"

कलमामातनी गळ्याकडे बोट दाखवलं आणि हताशपणे मान हलवली.

कड्यावरच्या घरट्यातून त्यांनी हे पिल्लू आणलं, त्याच आठवड्यात त्यांचा घसा बसला होता. लोणी घातलेलं गरम दूध झालं, मेंढीच्या शेपटीची चरबी झाली. गावातल्या डॉक्टरनं बॅटरी लावून पाहिलं. "आत काहीच दिसत नाही," तो म्हणाला. "थोडे दिवस बोलू नका." कलमामातनी ते फारच मनावर घेतलं.

त्यामुळे हाक मारायचं काम बेगाइमवर आलं. पहिल्या दिवशी तिच्या तोंडून आवाजच फुटेना. सासऱ्यासमोर सुनेनं आवाज चढवायचा नसतो; लग्न होऊन आल्यापासून ती या घरात कुजबुजतच बोलत होती. नवरा, उलान, कोसळलेल्या हिमाखाली गेला तेव्हा रीतीचे दिवस संपेपर्यंत तिनं शोकगीतं म्हटली आणि मग ती जवळजवळ बोलेनाशीच झाली.

"बाबा, मला नाही जमायचं," ती तेव्हा म्हणाली होती.

"पाखराला भूक लागलीय," कलमामात कुजबुजले होते. "माझ्याकडे पाठ कर. मी इथं नाहीच असं समज."

आता ती सकाळी झिबेकला तराजूत तोलायची, मांस धुऊन त्यातलं रक्त काढायची, छातीवर अंगठा ठेवून पोट किती भरलंय ते बघायची. डोळ्यांवरची चामडी टोपी काढताना झिबेक तिच्या बोटाला हलकेच चोच लावे, चावत नसे. झिबेक आपल्याकडेच राहावी, असं बेगाइमला फार वाटे. ते तिनं कुणाला सांगितलं मात्र नव्हतं.

पाखरावर कलमामातच्या पुतण्याचा, एसेनगुलचा, डोळा होता. या घराण्यात पहिल्या मोकळ्या उड्डाणाच्या दिवशी वडीलधारा माणूस पाखराचा धनी जाहीर करी, आणि धनी आजवर पुरुषच झाला होता. एसेनगुल दर थोड्या दिवसांनी घोड्यावरून येई, चहा पिई आणि विषय काढी.

"काका, एकदा सांगून टाका ना. झिबेक माझीच ना?"

कलमामात गळ्याला हात लावत. "घसा बरा होऊ दे."

"नुसती मान हलवायला घसा कशाला लागतो?"

"अशी गोष्ट मोठ्यानं सांगायची असते," कलमामात कुजबुजत आणि त्याच्यापुढे आणखी एक पाव सरकवत.

एकदा बेगाइम पाणी घेऊन येत होती. नदीपलीकडच्या कुरणातून, एरवी फक्त कलमामातच्या हाकेला येणारा त्यांचा तांबडा घोडा पाणी तुडवत सरळ त्यांच्याकडे येताना तिला दिसला.

"याला कुणी हाक मारली, बाबा?"

"जनावराला वेळ कळते," ते कुजबुजले.

गवत पिवळं पडलं तेव्हा मोकळ्या उड्डाणाचा दिवस ठरला. कुरणावरची सगळी मंडळी उतारावर जमली. बेगाइम रीतीप्रमाणे मागं, बायकांत उभी राहिली. एसेनगुलनं दोरी सोडली, टोपी काढली आणि झिबेकला वाऱ्यावर सोडलं.

ती वर गेली, खूप वर. एसेनगुलनं पंखांचं आमिष गरगर फिरवलं.

"हूऽऽ! झिबेक!"

झिबेकनं एक फेरी घेतली आणि खिंडीकडे वळली.

"हूऽऽ! ये ना, बये!"

"बये म्हणून कुणी येतं का रे?" उम्सुनाय आजी म्हणाली. पण कुणी हसलं नाही. खिंडीपलीकडे गेलेलं पाखरू परत येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"काका, तुम्ही मारा हाक! कशीही मारा!"

कलमामातनी गळ्याकडे बोट दाखवलं.

झिबेकचा आता नुसता ठिपका उरला होता. बेगाइमनं सासऱ्यांकडे पाहिलं. सगळे आकाशाकडे बघत होते. ते एकटे तिच्याकडे बघत होते. मग तिनं पुन्हा वर पाहिलं आणि पुढचा विचार केलाच नाही.

"हूऽऽऽ! झिबेऽऽऽक!"

ठिपका थांबल्यासारखा झाला. मग मोठा होत गेला. वाऱ्याचा सूं असा आवाज आला आणि झिबेक बेगाइमच्या उघड्या मनगटावर उतरली. नख्या रुतून रक्त आलं. पिसं मात्र सैल होती.

"वहिनी!" एसेनगुल लालबुंद झाला होता. "चारचौघांत, सासऱ्यांसमोर ओरडतेस? शोभतं का सुनेला?"

बेगाइमची मान खाली गेली. "चुकलं, बाबा," ती कुजबुजली.

कलमामात उठले, अंगरखा झटकला आणि उताराच्या मधोमध येऊन उभे राहिले.

"झिबेक बेगाइमची!"

आवाज समोरच्या कड्यावर आदळून परत आला. नदीपलीकडे तांबड्या घोड्यानं कान टवकारले आणि तो इकडे चालायला लागला.

"आणि पोरी," कलमामात तेवढ्याच मोठ्यानं म्हणाले, "पुन्हा माझ्यासमोर कुजबुजलीस, तर याद राख!"