गरुडांच्या झाडाखालचा दहावा

बाबांच्या दहाव्याला पनवेलच्या खाडीकाठी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. शेजारच्या वनखात्याच्या जागेत, बाबांनी जन्मभर राखलेल्या झाडावर समुद्री गरुडांचं घरटं होतं. पिल्लं लहान असल्याने मादी एकाही कावळ्याला खाली उतरू देत नव्हती. "बग, तुजी लाडकी पाखरं बापसाला घास खाव देत नाय," काका म्हणाले. त्यांच्या रिसॉर्टचा रस्ता त्या झाडाने आणि बाबांनी वनखात्याकडे केलेल्या तक्रारीने अडला होता. "'बापसाची तक्रार मागं घेते, झाड पाडा,' असं पिंडासमोर बोल. कावला लगेच शिवल." चुलतभाऊ कुऱ्हाड घेऊनच आला होता. भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तर काकांनी त्यांचा हात धरला. "दर्भ नाय. हिलाच बोलू दे. नायतर बापूस उपाशीच जाईल तिचा." मी पिंडासमोर हात जोडले. "बाबा, पिल्लं उडेपर्यंत थांबा," म्हणाले आणि ते राखणीला बसायचे त्या जागी, झाडाखाली जाऊन बसले.