खालची गल्ली

हौसाबाईंनी सकाळीच दोन कप घासून पालथे घातले होते. वर्षअखेरचे प्रश्न घेऊन आलेली रेवती दारात दिसताच त्यांनी चहाचं आधण ठेवलं.

एकट्या म्हाताऱ्यांशी गप्पा मारायला संस्थेच्या बायका वर्षभर दर आठवड्याला वरच्या गल्लीत जात होत्या. खालच्या गल्लीत मुद्दाम कुणालाच पाठवलं नव्हतं. गप्पांनी फरक पडतो का, हे दोन गल्ल्यांच्या तुलनेतून कळणार होतं. इथे रेवतीने फक्त वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी यायचं, प्रश्न विचारायचे आणि निघायचं. चहासुद्धा घ्यायचा नाही, अशी संस्थेच्या सरांची ताकीद होती.

"आजी, एकटं वाटतं का?"

"आज कसलं एकटं? तू आलीयास की!"

"आजचं नाही, रोजचं विचारतेय."

"रोजचं असू दे गं. पोरगी दारात आल्यावर कुणी रडगाणं गातं का? नाही म्हणून लिही."

रेवतीने तसंच लिहिलं. ती उठली तेव्हा हौसाबाईंनी दुसरा कप कोराच पुन्हा पालथा घातला. पुढच्या दारातही चहा उकळत होता, आणि उत्तरही तेच मिळालं.

महिन्याभराने सर म्हणाले, "दोन्ही गल्ल्या सारख्याच सुखात आहेत. गप्पांनी काही फरक पडत नाही. कार्यक्रम बंद करू."

"सर, त्या नाही म्हणाल्या, कारण मी समोर बसले होते."

"मग समोर कुणी नसताना त्यांना विचारायचं कसं?"

रविवारी रेवती न कळवता, प्रश्न न घेताच खालच्या गल्लीत गेली. हौसाबाईंनी स्वतःपुरताही चहा ठेवला नव्हता; दोन्ही कप पालथेच होते.