जाळीआडचा उतारू

"मग बाहेरून कुलूप लाव ना," फोनवर विपुल म्हणाला. "सिंपल आहे."

प्राचीने दारातून डोकावून पाहिलं. आतल्या खोलीत बाबा बूट घालून पलंगाच्या कडेला बसले होते. शाळेची वेळ झाली म्हणून. शाळा नागपूरला होती आणि रामदास मास्तर तिथून कधीच निवृत्त झाले होते. आई गेल्यावर प्राचीने त्यांना जर्मनीत, एर्लांगेनला आणलं. इथे आल्यावर त्यांची स्मरणशक्ती विरत गेली. परवा ते घराबाहेर पडले, तेव्हा पोलिसांनी आणून सोडलं. पायात नुसते मोजे होते.

"तू ने ना त्यांना थोडे दिवस. ब्योब्लिंगेन काय लांब आहे? माझी नोकरी जाईल, विपुल."

"माझ्याकडे जागा कुठाय, ताई? हे बघ, इकडे तू आणलंस त्यांना. मग तूच बघायला हवं."

बाबांजवळ कोणीतरी थांबायला हवं, यावर बहीणभावांचं एकमत होतं. कोणी, एवढंच ठरत नव्हतं.

आणि प्राची युनिव्हर्सिटीत शिकवत काय होती? तर नेमकं हेच. शंभर वर्षांपूर्वी चीनच्या समुद्रात चाचे उतारू बनून बोटीवर चढत आणि वाटेत बोट लुटत. गस्तीची जहाजं हवीत, हे सगळ्यांना मान्य होतं. खर्च कोणी करायचा? लंडन म्हणे हाँगकाँगने, हाँगकाँग म्हणे लंडनने, आणि दोघं मिळून म्हणत, बोटकंपन्यांनी. शेवटी कंपन्यांनी स्वस्तातला उपाय काढला. बोटीवर लोखंडी जाळ्या ठोकल्या. वर साहेब मोकळे, खाली उतारू कुलपात. त्यांतला चाचा कोण आणि साधा माणूस कोण, हे विचारत कोण बसतो?

आजचं हे लेक्चर तिने आदल्या संध्याकाळी बाबांना मराठीत वाचून दाखवलं होतं. लहानपणी ते तिचे निबंध तपासत, म्हणून तिची ही सवय. ते भिंतीकडे बघत बसले होते. ऐकत होते की नाही, कोण जाणे.

"येतेच हं, बाबा," ती म्हणाली. दार ओढलं आणि किल्ली दोनदा फिरवली.

लेक्चर छान झालं. लंडन-हाँगकाँगच्या ढकलाढकलीला मुलं पोट धरून हसली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, प्राचीच्या मनात आलं. तिला हसू आलं नाही. शेवटी एका मुलीने विचारलं, जाळीआडचे उतारू यावर काय म्हणत होते?

"त्यांना कोणी विचारल्याचं मला कुठे सापडलं नाही," प्राची म्हणाली.

घरी येताना सायकलवर तिला रडू फुटलं. स्वतःचीच लाज वाटत होती. आणि उद्याही आपण हेच करणार, हेही तिला कळत होतं.

तिने दाराला किल्ली लावली. आवाज ऐकून आतून हलकेच टकटक झाली. ज्या आवाजाला अख्खी शाळा टरकून असे, तो आवाज अजिजीने म्हणाला,

"अहो साहेब, उघडा हो. मी त्या चाच्यांतला नाही. साधा उतारू आहे."