नक्कल

भूगोलाच्या मॅडमनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला, मान मागे टाकली आणि शिक्षण परिषदेतले मुख्य वक्ते जसेच्या तसे शिक्षकखोलीत उभे केले.

"मित्रहो, खडू मेला! मी म्हणतो, मेला!"

हशा पिकला. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, एरवी जपून हसायच्या. त्यांनीही तोंडाला रुमाल लावला.

शाळा सुटली होती. परिषदेला गेलेल्या दोघांनी तिथून काय शिकून आणलं ते सगळ्यांना दाखवायचं, असं मोठ्या बाईंनी ठरवलं होतं. गणिताच्या सरांनी आधी कागदाला घड्या घालून अपूर्णांक कसे शिकवायचे ते दाखवलं. युक्ती चांगली होती, पण सर इतका वेळ घड्या घालत बसले की मागच्या रांगेत एकदोघांच्या माना कलंडल्या. मग मॅडम उठल्या. मॅडम उभ्या राहिल्या की कुणाला झोप येत नसे. सातवीची मुलं तर त्यांच्या तासावर जीव टाकायची.

"आता बघा हं," असं म्हणत त्यांनी लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला. भिंतीवर मोठ्या अक्षरांत आलं: मनातलं.

"मुलं टॅबवर लिहितात, इथे दिसतं. नाव कुणाचंच दिसत नाही, अगदी मलासुद्धा नाही. त्यामुळे जी पोरं तोंड उघडत नाहीत तीही लिहितात. आज शेवटच्या तासाला सातवीला विचारलं, तुम्हाला मला काय सांगावंसं वाटतं? मीही अजून वाचलेलं नाही. तुमच्याबरोबरच वाचते."

त्यांनी बटण दाबलं. भिंतीवर एकेक ओळ उमटू लागली आणि मॅडम त्या मोठ्यानं वाचू लागल्या.

"'तुमचा तास रोज ठेवा.' घ्या! 'नकाशे भरायला कमी द्या.' हे कोण असणार, सांगायला नको. 'तुम्ही फळ्यावर काय लिहिता ते तुम्हाला तरी लागतं का?'"

पुन्हा हशा. मॅडमही हसल्या आणि हसत हसतच पुढची ओळ वाचायला लागल्या.

"'तुम्ही माझ्या बोलण्याची नक्कल करता तेव्हा सगळे हसतात. मग मला पण हसावं लागतं. आता मी घरी पण...'"

त्या थांबल्या. उरलेलं भिंतीवर होतंच. सगळ्यांनी मनातल्या मनात वाचलं: आता मी घरी पण जास्त बोलत नाही.



"अहो, मुलं काहीही लिहितात," विज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या. "तुम्ही लाडानं करता, कळतं त्यांना."

"कोण असेल पण?" मोठ्या बाईंनी हळूच विचारलं.

मॅडम वर्गातला एकेक चेहरा आठवू लागल्या. अडखळणारा तो खिडकीजवळचा? की आवाज फुटल्यापासून चिरकणारा? की दर वाक्यात 'म्हणजे ना' म्हणणारी? की दुसऱ्या गावाहून आलेली, सगळं हेल काढून बोलणारी? मुलगा की मुलगी, तेही लिहिण्यावरून कळत नव्हतं. सगळ्यांच्याच नकला त्यांनी केल्या होत्या. सगळ्याच हुबेहूब. आणि ती सगळीच मुलं हसली होती. मॅडमना वाटत आलं होतं, हसतात म्हणजे आवडतं.

"नाही सांगता येत," त्या म्हणाल्या. "बरेच जण आहेत."

 कुठे बघावं ते त्यांना कळेना.

कोपऱ्यात चित्रकलेचे सर बसले होते. निवृत्तीला आलेले, सावकाश बोलणारे. बोलताना शेवटचा शब्द दोनदा म्हणायची त्यांना सवय होती. त्यांनी घसा साफ केला.

"मॅडम, माझी पण करता का हो, करता का?"

आवाजात राग नव्हता. मनात बरेच दिवस असलेलं सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं होतं. विज्ञानाच्या मॅडमनी आपल्या बांगड्या नीट केल्या. गणिताचे सर घडी घातलेला कागद उलगडू लागले. एकाचीही मान वर नव्हती.

"हो," मॅडम म्हणाल्या. "करते."

सरांनी मान हलवली. 

गणिताच्या सरांनी पुढे होऊन लॅपटॉपला हात लावला. "बंद करू या का?"

"थांबा. ह्या ओळीला उत्तर देता येतं का?"

"येतं. पण त्या एकट्याला नाही जाणार. अख्ख्या वर्गाला दिसेल."

"दिसू दे."

मॅडम खुर्ची ओढून बसल्या. प्रोजेक्टर चालूच होता, त्यामुळे त्या लिहितील ते भिंतीवर उमटत होतं. 'मी गंमत म्हणून', एवढं उमटलं आणि पुसलं गेलं. 'तुला वाईट वाटलं असेल तर', हेही आलं आणि एकेक अक्षर मागे जात नाहीसं झालं.  मग दोनच वाक्यं आली.

'माझं चुकलं. पुन्हा करणार नाही.'

त्यांनी ते पाठवलं. मुलांच्या ओळींखाली तीही एक ओळ जाऊन बसली, बाकीच्यांसारखीच, बिननावाची.

मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पुन्हा लॅपटॉप जवळ ओढला आणि खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं.