तांबटाचं इंजिन

कल्याणच्या रेल्वे शेडमधलं वाफेचं इंजिन तापलं की भट्टीतून गळायचं; थंड असताना गळती सापडेना. अखेर शेडच्या साहेबानं बाजारपेठेतल्या गुणाजी तांबटाला बोलावलं. गुणाजी भट्टीच्या दारातून आत शिरताच हसला. "साहेब, हा तर आमचा बंबच! मध्ये जाळ, भोवती पाणी." तांब्याच्या पत्र्यावर हातोडी वाजवताना एका जागी आवाज बद्द आला. "चीर इथं आहे. तापल्यावरच उघडते." आठवडाभर खपून त्यानं तिथं नवं तांबं बसवलं. पण भांडी घडवणाऱ्याच्या हातचं इंजिन फुटेल, अशी आवई उठली. पहिल्या फेरीला इंजिनामागच्या डब्यात कुणी चढेना. गुणाजीची बायको कलावती तान्ह्या लेकीला कडेवर घेऊन त्यात खुशाल बसली. "अगं, निघालीस कुठं?" गुणाजी घाबरला. "माहेरी, खडवलीला," ती म्हणाली. "तुमच्या हातचं भांडं कधी गळलंय?" हळूहळू डबा भरला, आणि इंजिन कसाऱ्यापर्यंत ठणठणीत पळालं.